टायमिंग्जचा छळवाद
रात्रभर मेमरी टेस्ट एकही एरर न देता पार पडते आणि सकाळी साधा ब्राउझर उघडला की निळी स्क्रीन! मग टेस्ट काय शोभेला होती?

रॅमची टायमिंग्ज (कुठल्या कामाला रॅमने किती क्लॉकचे ठोके थांबायचं ते आकडे) आवळणं म्हणजे नुसता ताप. टीआरएफसी (रॅममधला डेटा रिफ्रेश करायला दिलेला वेळ) जरा जास्त खाली नेलं की मशीन बूटच होत नाही. डीडीआर५ पिढीची रॅम असेल तर मेमरी ट्रेनिंगच्या (बूट होताना मशीन रॅमशी जुळवून घेतं त्या) नावाखाली काळी स्क्रीन, पंखे गरगरतायत आणि आपण ताटकळतोय. हँग झालंय की विचार करतंय, देव जाणे! शेवटी सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग्ज पुसून टाका, आणि सगळे आकडे पुन्हा पहिल्यापासून भरा. टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) ताणून ठेवलं तर रॅम गार असताना सगळं आलबेल. गेम खेळून तापली की एररचा पाऊस.

त्यात 'सीएल (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचे ठोके) कमी म्हणजे रॅम फास्ट' म्हणणारे शहाणे! अहो, ३२०० च्या स्पीडला सीएल १६ काय आणि ६००० च्या स्पीडला सीएल ३० काय, दोन्हींचे १० नॅनोसेकंदच होतात. भागाकार तरी करा.

बरं, एवढं करून गेममध्ये फ्रेम किती वाढतात? ग्राफिक्स कार्डच कमी पडत असेल तर जवळजवळ शून्य.