"आधी सगळं वाचून संपवा, मग टेस्ट द्या" : एफएमजीईवाल्यांनो, हा मेसेज मनावर घेऊ नका

माझा मावसभाऊ खारघरला राहतो. परदेशात मेडिकल करून आलाय, एफएमजीईचा (बाहेर शिकलेल्यांना भारतात डॉक्टरकी करायला पास व्हावी लागते ती परीक्षा) पहिला अटेम्प्ट थोडक्यात गेला आणि आता पुढच्याची तयारी चालू आहे. परवा रात्री साडेअकराला त्याने एक फॉरवर्ड पाठवला, खाली एवढंच लिहिलेलं, "ताई, हे खरंय का गं?" त्याच आठवड्यात तोच मेसेज मला अजून तिघांकडून आला, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहितेय.

मेसेजमध्ये थोडक्यात असं आहे: मॉक टेस्ट हा क्लासवाल्यांचा धंदा आहे. आधी १९ विषय पूर्ण वाचा, तीन रिव्हिजन करा, टेस्ट फक्त शेवटच्या पंधरा दिवसांत द्या. त्याआधी दिली तर मार्क कमी पडून कॉन्फिडन्स जातो. जुने प्रश्नच फिरून येतात तर रिकॉल (आधी परीक्षा दिलेल्यांनी आठवून लिहिलेले प्रश्न) पाठ करा. आणि निगेटिव्ह मार्किंग नाहीये, ३०० पैकी १५० च हवेत, मग एवढी प्रॅक्टिस कशाला?

मी हे सगळं अगदी मनापासून पाळलंय, पहिल्या दोन्ही अटेम्प्टला. एकदा १३१ आले, एकदा १४३. तिसऱ्या वेळी पद्धत बदलली आणि पास झाले, आता ठाण्यात इंटर्नशिप करतेय. म्हणून हा मेसेज वाचला की माझा जीव तुटतो, कारण यातली प्रत्येक ओळ एकेकाचे सहा-सहा महिने खाते.

पहिला मुद्दा, आधी वाचून संपवा. अरे पण १९ विषय संपतच नाहीत! मेडिसिन-सर्जरीपर्यंत पोचेपर्यंत बायोकेमिस्ट्री गेलेली असते, परत मागे जावं लागतं, आणि दुसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं म्हणून आपण समजतो की आपल्याला येतंय. खरी फसगत इथे होते. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. एका गटाने उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग तीन वेळा उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणारे ४० वर आले आणि आठवून लिहिणारे ६१ वर राहिले. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाटत कोणाला होतं? तर चार वेळा वाचणाऱ्यांना.

हे डॉक्टरांवरही करून बघितलंय. २००९ मध्ये लार्सन आणि सहकाऱ्यांनी पीडियाट्रिक्स आणि इमर्जन्सी मेडिसिनच्या रेसिडेंट्सना दोन विषय दिले, स्टेटस एपिलेप्टिकस (न थांबणारी फिट) आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू कमजोर होण्याचा आजार). एकावर वारंवार टेस्ट, दुसऱ्याची वारंवार उजळणी. सहा महिन्यांनंतर टेस्टवाल्या विषयात सरासरी ३९ टक्के आणि उजळणीवाल्यात २६. म्हणजे टेस्टमध्ये डोक्यातून उत्तर ओढून काढताना जे कष्ट पडतात तोच अभ्यास आहे, तो झाल्यावर करायची ती तपासणी नव्हे. आणि यात क्लासवाल्यांचा धंदा कुठे आला? वही मिटून कोऱ्या कागदावर नेफ्रॉटिक आणि नेफ्रिटिक या किडनीच्या दोन विकारांतला फरक लिहिलात तरी ती टेस्टच झाली, फुकटची.

माझंच सांगते. नौपाड्यातल्या अभ्यासिकेत बसून मी ऑर्गॅनोफॉस्फरस पॉयझनिंग, म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा, तीनदा वाचलेलं, ओळ पिवळ्या हायलाइटरने रंगवलेली. टेस्टमध्ये प्रश्न आला, अ‍ॅट्रोपिन (त्या विषावरचं औषध) कुठपर्यंत द्यायचं, आणि मी बेधडक डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होईपर्यंत असं टिक केलं. चूक. छातीतले स्राव सुकेपर्यंत, छाती स्वच्छ ऐकू येईपर्यंत द्यायचं असतं. त्या दिवशी चुकांच्या वहीत लाल पेनाने लिहिलं, "बाहुली बघून थांबायचं नाही, छाती ऐकायची." ती वही घेऊन मी ट्रान्सहार्बरने कोपरखैरणेला क्लासला जायचे, जाताना अर्धी आणि येताना अर्धी, हाताने उत्तर झाकून. नंतर इंटर्नशिपला एका रात्री शहापूरकडचा एक शेतकरी फवारणीचं औषध पोटात गेलेला आला, तोंडाला फेस, आणि रेसिडेंटने विचारलं, "अजून द्यायचं का?" माझा हात आपोआप स्टेथोकडे गेला. तीनदा वाचलेली पिवळी ओळ मला आठवली नाही, ती लाल चूक आठवली.

कॉन्फिडन्सचं म्हणाल तर, हो, जातो. माझ्या पहिल्या ग्रँड टेस्टला, म्हणजे ३०० मार्कांच्या पूर्ण सराव पेपरला, ११२ आले आणि मी जेवले नाही, आई दाराबाहेर ताट घेऊन उभी होती. पण ते ११२ मला परीक्षेच्या चार महिने आधी घरी कळलं. शेवटच्या पंधरा दिवसांत कळलं असतं तर त्याचं मी काय करणार होते? आणि नुसता आकडा बघून रडू नका, तो फोडा. माझं कम्युनिटी मेडिसिन ३० पैकी ११ होतं. एवढे मार्क असलेला विषय, गायनॅकइतकाच, आणि मी तो "सोपा आहे, शेवटी बघू" म्हणून ठेवलेला, उलट अ‍ॅनाटॉमीच्या १७ मार्कांसाठी पूर्ण महिना घातलेला. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नसतं.

रिकॉलबद्दल एकच लक्षात घ्या, राष्ट्रीय परीक्षा मंडळ पेपर बाहेर देतच नाही, आणि प्रश्न कुठेही उघड करणार नाही हे परीक्षा देणाऱ्याने मान्य केलेलं असतं. त्यामुळे जे फिरतं ते दमलेल्या मुलांनी आठवून लिहिलेलं, निम्मे पर्याय बदललेले, उत्तरंही कधीकधी चुकीची. टॉपिक परत येतात हे मान्य, पण आधी आजाराचं निदान विचारलं होतं तिथे आता पुढची तपासणी विचारतात, आणि पाठ केलेलं उत्तर समोर पर्यायांत दिसलं की हात तिकडेच जातो.

आता निगेटिव्ह नाही हा मुद्दा, हा सगळ्यात गोड वाटतो. हिशेब करा. १०० प्रश्न पक्के येतायत आणि उरलेले २०० अंदाजाने टिक केले, चारातला एक बरोबर धरला तर ५०. झाले १५०? झाले, पण ते सरासरीने, म्हणजे चार-पाच प्रश्न इकडचे तिकडे झाले तरी नापास, नाणं उडवल्यासारखंच. शिवाय ते १०० खरंच पक्के आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं? चारातले दोन पर्याय खात्रीने उडवता आले तर तोच अंदाज दोनातला एक बरोबर येतो, आणि ते उडवणं घड्याळ लावून सराव केल्याशिवाय जमत नाही. १५० मिनिटांत १५० प्रश्न, मग मधल्या सुट्टीनंतर परत तेवढेच. दुसऱ्या पार्टला शंभराव्या प्रश्नाशी डोकं कसं होतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. १४३ च्या वेळी माझे शेवटचे २२ प्रश्न मी वाचलेच नव्हते, नुसते टिक केले.

मेसेजमधली एक गोष्ट मी मान्य करते, टेस्टमागून टेस्ट देत सुटलात आणि चुका तपासल्याच नाहीत तर वेळ वाया जातो. वाया तर जातोच, वर निवडलेला चुकीचा पर्यायच डोक्यात बसतो. अडीच तासांच्या पेपरला मी चार तास चुकांना द्यायचे. बरोबर आलेले पण अंदाजाने मारलेले प्रश्नही त्यात धरायचे, त्यांच्यापुढे टिंब काढून ठेवायचे.

भावाला मी हेच सांगितलंय. रोज वाचन झालं की सगळ्या विषयांचे मिसळलेले ५० प्रश्न, पुस्तक बंद. आठवड्यातून एकदा दीडशेचा पूर्ण पार्ट, परीक्षेच्या महिन्यात दोन्ही पार्ट एकाच दिवशी. तो म्हणाला, "ताई, मार्क कमी आले तर आईला सांगू नकोस." नाही सांगणार. रविवारी सकाळच्या पनवेल-ठाणे लोकलने ये, नऊला पेपर लावू, फोन माझ्याकडे द्यायचा. आणि येताना दोनशे पानी वही आण, लाल पेन माझ्याकडे आहे.