पृथ्वी फिरते म्हणून समुद्र वाहतो?

'वारा फक्त लाटा उठवतो. समुद्रातले प्रवाह होतात ते पृथ्वीच्या फिरण्याने. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, पाणी मागे राहतं, म्हणून पश्चिमेला वाहतं. वाऱ्याने प्रवाह होत असते तर ते वाऱ्याच्याच दिशेने गेले नसते का?' या आशयाचा मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय.

'पाणी मागे राहतं' हे आधी निकालात काढू. अंटार्क्टिकाला वेढा घालणारा प्रवाह जगात सर्वांत मोठा, आणि तो पूर्वेकडे, म्हणजे पृथ्वीच्याच दिशेने वाहतो. कारण तिथले पश्चिमेकडून येणारे जोरदार वारे. सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह तर पावसाळ्यात नैऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर ईशान्येकडे धावतो आणि हिवाळ्यात वारे फिरले की चक्क उलटा. पृथ्वी काही दर सहा महिन्यांनी उलटी फिरत नाही.

'फक्त लाटा' यात थोडं तथ्य आहे. लाट पुढे जाते, तिच्यातलं पाणी जवळजवळ जागच्या जागी गोल फिरतं. पण वारा लाटा उठवून थांबत नाही. हवा पाण्यावर घासते, वरचा थर सरकतो, तो खालच्याला ओढतो, तो त्याच्या खालच्याला. दर थराला वेग घटत जातो. साधारण 100 मीटरपर्यंत ही ओढ संपते. वाऱ्याच्या वेगाचे जेमतेम 2-3 टक्के पृष्ठभागाच्या पाण्याला मिळतात. (खोल समुद्रातले प्रवाह तापमान आणि खारेपणातल्या फरकाने चालतात, तो विषय वेगळा.)

प्रवाह वाऱ्याच्याच दिशेने का जात नाहीत, हा प्रश्न मात्र चांगला आहे, आणि त्याचं उत्तर शंभर वर्षांहून जुनं आहे. 1893 मध्ये नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक नानसेन 'फ्राम' हे जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून त्याबरोबर वाहत गेला. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता 20 ते 40 अंश उजवीकडे सरकतोय, हे त्याने टिपलं. स्वीडनचा शास्त्रज्ञ एकमन याने 1905 मध्ये त्याचं गणित मांडलं. घर्षणाने पाणी हलतं, पृथ्वीच्या फिरण्याने ते वळतं: उत्तर गोलार्धात उजवीकडे, आणि खालचा प्रत्येक थर वरच्यापेक्षा थोडा जास्त. सगळ्या थरांची गोळाबेरीज केली तर पाणी वाऱ्याशी काटकोनात जातं. थोडक्यात, वल्हं वारा मारतो, पृथ्वी नुसती सुकाणू धरते. सोमालियाजवळ याचा परिणाम थर्मामीटरवर दिसतो. नैऋत्य वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, वरचं पाणी उजवीकडे, खुल्या समुद्रात ढकललं जातं, त्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. ऐन पावसाळ्यात काही ठिकाणी ते 20 अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतं.

आता आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून कुणी मला पेचात पकडू शकेल. पावसाळ्यात इथला प्रवाह दक्षिणेकडे असतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. आणि हिवाळी वारा तर उत्तरेकडूनच येतो! मग पाणी वाऱ्याच्या तोंडावर कसं? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी याचा माग काढला. बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यांनी पाण्यात उठवलेल्या दीर्घ लहरी श्रीलंकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याने वर येतात आणि प्रवाहाला उत्तरेकडे नेतात. वाराच तो, फक्त इथला नव्हे, भारताच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचा.