‘आठ आठवडे ध्यान करा आणि गोळ्या बंद करा’ : एका दाव्याचा प्रतिवाद

मानसिक आजारांविषयीचा एक मजकूर गेली काही वर्षे पुनःपुन्हा फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : गोळ्या लक्षणे नुसती दाबतात आणि सवय लावतात, सजगता-ध्यान (माइंडफुलनेस, म्हणजे या क्षणी जे घडते आहे त्याकडे निवाडा न करता लक्ष देण्याचा सराव) आजाराच्या मुळावर घाव घालते, आठ आठवड्यांचे ध्यान गोळ्यांइतकेच गुणकारी असल्याचे संशोधनाने सिद्ध झाले आहे, ध्यानाने अपाय होत नाही, तेव्हा गोळ्या सोडा. यातले संशोधनाविषयीचे विधान अर्धे खरे आहे आणि त्याच्या आधाराने बाकीचे खपून जाते, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

‘संशोधनाने सिद्ध झाले आहे.’ ज्या अभ्यासाचा हवाला दिला जातो तो अमेरिकेत झाला आणि २०२२च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. चिंताविकार असलेल्या २७६ प्रौढांपैकी काहींना एस्सिटालोप्राम हे औषध आणि काहींना सजगतेचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम देण्यात आला. दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखी झाली आणि दुष्परिणामांच्या तक्रारी औषधाच्या गटात बऱ्याच अधिक होत्या. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण हा अभ्यास चिंताविकारांचा होता. बायपोलर (उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार) किंवा सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणे, जसे भास होणे) असलेले रुग्ण त्यात घेतलेलेच नव्हते. शिवाय तिथले ‘ध्यान’ म्हणजे प्रशिक्षित शिक्षकासोबत दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, घरी रोज सुमारे पाऊण तास सराव आणि मध्ये एक पूर्ण दिवस. मोबाइलवर दहा मिनिटे डोळे मिटून बसणे आणि हे एकच, असे मानता येत नाही. आणि अनेक वर्षे चालू असलेले औषध अचानक तोडले तर काय होते, हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलाच नव्हता.

औषध अचानक नव्हे, पण हळूहळू कमी केले तर काय होते, हा प्रश्न नैराश्याच्या संदर्भात दुसऱ्या एका अभ्यासाने विचारला आहे. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी सजगतेवर आधारित जी बोधात्मक (विचारांशी असलेले नाते बदलणारी) उपचारपद्धती घडवली, ती मुळात नैराश्यातून बाहेर आलेल्या, पण पुन्हा पुन्हा त्यात सापडणाऱ्या माणसांसाठी होती. ब्रिटनमधल्या ४२४ रुग्णांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाने औषध चालू ठेवले. दुसऱ्या गटाला ही पद्धती शिकवून, डॉक्टरांच्या मदतीने औषध हळूहळू कमी करण्यास साहाय्य केले गेले. दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ४७ आणि ४४ टक्के निघाले. म्हणजे पर्याय खराच आहे, पण तो बऱ्या झालेल्यांसाठी, शिकून आणि देखरेखीखाली. आणि दोन्ही वाटांवर जवळजवळ निम्म्यांना आजाराने पुन्हा गाठले, हेही विसरता कामा नये.

‘ध्यान मुळावर काम करते.’ ध्यान नेमके काय करते ते पाहावे. कार्यक्रमाच्या पहिल्याच वर्गात एक मनुका हातावर देतात. तिच्या सुरकुत्या पाहायच्या, वास घ्यायचा, जिभेवर ठेवून थांबायचे, मग चावायचे. पुढे हेच लक्ष विचारांकडे वळवायचे, म्हणजे ‘मी नालायक आहे’ या वाक्याच्या जागी ‘मी नालायक आहे असा विचार आत्ता मनात आला आहे’ हे दिसू लागते. मनाचे रवंथ तिथे तुटते, आणि मला या पद्धतीचे मोल वाटते ते यासाठीच. मात्र हे करायला लक्ष थोडे तरी ताब्यात असावे लागते. माझ्या आजाराच्या सर्वांत वाईट आठवड्यांत मी श्वासाकडे लक्ष देत दहा मिनिटे बसत असे आणि त्या शांततेत ते एकच वाक्य आणखी मोठ्याने ऐकू येई. गोळ्यांनी झोप आणि भूक परत आणली, त्यानंतरच बसणे जमले.

‘गोळ्या लक्षणे दाबतात, सवय लावतात.’ झोप न लागणे आणि जगणे नकोसे होणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. ती कमी होणे म्हणजेच माणसाला आराम पडणे. २०१८च्या एका मोठ्या विश्लेषणात ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आणि त्यातली २१ही नैराश्यविरोधी औषधे प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला सारख्या गोळीपेक्षा) सरस ठरली, जरी सरासरी फरक माफक होता. या औषधांची व्यसनासारखी ओढ लागत नाही. पण ती एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थता, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असा त्रास होऊ शकतो, म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. बायपोलरमध्ये धोका याहून मोठा आहे : मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम हे औषध अचानक बंद केल्यास उन्माद लवकर उलटण्याची शक्यता वाढते.

‘ध्यानाने अपाय होत नाही.’ बहुतेकांना होत नाही, हे खरे. तरीही काहींच्या बाबतीत ध्यानात जुन्या आघाताच्या आठवणी उसळतात, भीती वाढते. सायकोसिसच्या रुग्णांना दीर्घ, मौन ध्यान जड जाऊ शकते. त्यांच्यासाठी घडवलेल्या कार्यक्रमांत सराव सुमारे दहा मिनिटांचा असतो आणि शिक्षक मध्ये मध्ये बोलत राहतो.

ज्यांना गोळ्या कमी करायच्या आहेत त्यांनी ती इच्छा डॉक्टरांपासून लपवू नये. मात्रा कोणत्या टप्प्यांनी उतरवायची आणि कोणते लक्षण परत दिसले की थांबायचे, हे आधी ठरवून घ्यावे. माझ्या बाबतीत ते लक्षण म्हणजे पहाटे साडेतीनला येणारी जाग. ते माझ्या घरच्यांना ठाऊक आहे आणि डॉक्टरांच्या कागदावरही लिहिलेले आहे.