हो, ऑसिओला राहिलं! ('मिसुरीकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

गेल्या आठवड्यात कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघावर लिहिलं, त्याखाली 'मिसुरीकर' या नावानं एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिचा गोषवारा असा: मी कॅन्ससचा भाट झालो आहे. अमेरिकेच्या गृहयुद्धात मिसुरीकडच्या क्वांट्रिलच्या टोळीनं कॅन्सस विद्यापीठाचं गाव लॉरेन्स जाळलं ते रंगवून सांगितलं, पण कॅन्ससवाल्यांनी ऑसिओला जाळलं ते गिळून टाकलं. बास्केटबॉलचा जनक आणि कॅन्ससचा पहिला कोच म्हणून ज्या नेस्मिथचा उदोउदो केला, तो कोच म्हणून हरणारा होता. 2012 नंतर कॅन्सस शेजारच्या मिसुरी विद्यापीठाशी खेळायला घाबरलं. आणि शेवटी, "हे वैर 1860 पासून दोन्हीकडच्या रक्तात आहे, चार वर्षं शिकायला आलेल्याला ते कळायचं नाही."

मिसुरीकर, पहिला मुद्दा बिनशर्त मान्य. 21 ऑगस्ट 1863 च्या पहाटे क्वांट्रिलचे घोडेस्वार लॉरेन्सवर तुटून पडले आणि दीडशेच्या वर पुरुष आणि पोरं मारली गेली, हे मी लिहिलं. त्याच्या दोन वर्षं आधी, सप्टेंबर 1861 मध्ये, जेम्स लेनच्या कॅन्ससच्या फौजेनं मिसुरीतलं ऑसिओला लुटलं, जाळलं, आणि नऊ माणसांना नावापुरता खटला चालवून गोळ्या घातल्या. हे लिहिलं नाही. जागा कमी होती वगैरे सबब सांगत नाही. मी लॉरेन्सला शिकलो, मास स्ट्रीटवरून रोज चालत गेलो, त्या रस्त्यावरच्या पाट्यांनी सांगितला तेवढाच इतिहास माझ्या डोक्यात बसला. तुमच्या विद्यापीठाच्या गावी, कोलंबियात, शिकलो असतो तर उलटं झालं असतं.

गंमत म्हणजे दोन्ही संघांची नावंही त्याच काळातली. 'जेहॉक' म्हणजे आज चोच वर करून हसणारा निळा-लाल पक्षी, पण तेव्हा 'जेहॉकर' म्हटलं की सीमेपलीकडे जाऊन घरं लुटणारी टोळी. आणि तुमचे 'टायगर्स' म्हणजे असल्या टोळ्यांपासून कोलंबिया वाचवायला उभं राहिलेलं नागरिकांचं पथक. 2011 मध्ये ऑसिओलाच्या नगरमंडळानं ठरावच केला होता, की गावातल्या कुणीही 'कॅन्सस'चं पहिलं अक्षर मोठं लिहू नये, कारण ते विशेषनाम म्हणायच्या लायकीचं नाही. देवनागरीत लिहिणाऱ्या आपल्याला अपमानाची ही सोय नाही, याचं मला वाईट वाटतं.

नेस्मिथचं मात्र मान्य नाही. 55 विजय, 60 पराभव, आकडे बरोबर आहेत. कॅन्ससच्या सगळ्या कोचमध्ये हरण्याचा हिशोब जास्त असलेला हा एकटाच, आणि खेळ शोधून काढणाराही हाच. पण 1898 मध्ये तो लॉरेन्सला आला तो प्रार्थनामंदिराचं आणि शारीरिक शिक्षणाचं काम बघायला. बास्केटबॉल जिंकून देण्यासाठी त्याला कुणी आणलंच नव्हतं. पहिला सामना फेब्रुवारी 1899 मध्ये कॅन्सस सिटीच्या वायएमसीएशी झाला, 16-5 ने हरले. पुढे कित्येकदा तो स्वतःच पंच म्हणून उभा राहायचा. हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असं त्याचं मत. नेमकं ते खोटं ठरवलं त्याच्याच हाताखाली खेळलेल्या आणि पुढे कॅन्ससचा कोच झालेल्या फॉग अॅलननं. अॅलनकडे शिकलेला अॅडॉल्फ रप पुढे केंटकी विद्यापीठाचा कोच झाला. 1952 च्या विजेत्या संघात बाकावर बसणारा डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात कोच म्हणून गेला. म्हणजे कॅन्ससला ज्यांनी पुढे घाम फोडला ती दोन घराणी ह्याच घरातून निघाली. 1957 ची राष्ट्रीय अंतिम फेरी नॉर्थ कॅरोलिनानं कॅन्ससविरुद्ध तीन ओव्हरटाइमनंतर 54-53 अशी जिंकली. सुरुवातीच्या उडीला कॅन्ससच्या सात फुटी विल्ट चेंबरलेनसमोर त्यांनी मुद्दाम सहा फुटांहूनही कमी उंचीचा टॉमी कर्न्स उभा केला होता! स्मिथ तिकडे गेला त्याच्या पुढच्याच वर्षी. तेव्हा नेस्मिथला त्या 60 पराभवांत मोजू नका.

(कॅन्सस राज्यातल्याच दुसऱ्या विद्यापीठाला, कॅन्सस स्टेटला, मी एकाच ओळीत गुंडाळलं, हीही तुमची तक्रार. त्यांच्या चाहत्यांनी मैदानावर जिवंत कोंबड्या सोडल्याचे किस्से आहेत, एवढं इथे नोंदवतो. बाकी कधीतरी.)

आता घाबरण्याचं. 25 फेब्रुवारी 2012 ला मी कॅन्ससच्या घरच्या मैदानात, अॅलन फील्डहाउसमध्ये, होतो. जागेसाठी आमच्या गटातले नऊजण आळीपाळीनं रांगेत बसलो होतो, माझ्या वाट्याला पहाटेची पाळी. मिसुरीच्या खेळाडूंची नावं पुकारताना आम्ही रिवाजाप्रमाणे वर्तमानपत्रं तोंडासमोर धरली, जणू समोर कुणी आलेलंच नाही. उत्तरार्धात तुमचा संघ 19 गुणांनी पुढे गेला तेव्हा मला ते वर्तमानपत्र खरंच वाचावंसं वाटायला लागलं. मग फरक तुटत गेला. 75-75 झालं, वेळ संपतासंपता तुमच्या प्रेसीनं बास्केटकडे मुसंडी मारली आणि आमच्या थॉमस रॉबिन्सननं ती फेक हवेतच अडवली. ओव्हरटाइममध्ये आमच्या टायशॉन टेलरचे दोन फ्री थ्रो, 87-86. शेजारचा अनोळखी पोरगा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता. लाकडी बाकं पायाखाली थरथरत होती, ती सामना संपल्यावरही थांबेनात.

आणि त्यानंतर, काहीच नाही. मिसुरीनं टेलिव्हिजनच्या आणि फुटबॉलच्या पैशासाठी दुसऱ्या लीगमध्ये जायचं आधीच ठरवलं होतं. कॅन्ससचा कोच बिल सेल्फ म्हणाला, गेलात ना, मग आम्हीही खेळत नाही. याला तुम्ही भीती म्हणता. मी रुसवा म्हणेन. घर मोडून गेलेल्या भावाला दिवाळीला न बोलावण्यातला प्रकार. तो पोरकटपणा होता, हेही म्हणतो. 2017 मध्ये चक्रीवादळग्रस्तांसाठी एक मदत-सामना झाला तेवढाच. खरी गाठ पडली ती 11 डिसेंबर 2021 ला, 102-65. घाबरलेला संघ 37 गुणांनी जिंकत नाही, मिसुरीकर. अर्थात डिसेंबर 2024 मध्ये पहिल्या क्रमांकावरच्या कॅन्ससला तुम्ही 76-67 असं लोळवलंत, ते मी विसरलेलो नाही. त्या रात्री माझ्या फोनवर तुमच्या बाजूच्या मित्रांनी वाघांची जी रांग पाठवली, ती अजून पुसलेली नाही.

पण तुमच्या रक्ताच्या मुद्द्यावर मला खरा आक्षेप आहे. 2019 मध्ये मी लॉरेन्सला गेलो होतो. रांगेतल्या पोरांना विचारलं, सगळ्यात जास्त राग कुणाचा? केंटकी, ड्यूक, एकानं कॅन्सस स्टेट. मिसुरीचं नाव मीच काढलं, तर एक मुलगी म्हणाली, "त्यांच्याशी आपण खेळतो?" क्वांट्रिलच्या हल्ल्याची आठवण सांगणारा दगड तिच्या वसतिगृहापासून फार लांब नसेल. दीडशे वर्षांचं रक्त तिला सात वर्षं पुरलं नाही, कारण त्या सात वर्षांत वेळापत्रकात सामना नव्हता. दर हिवाळ्यात दोनदा भेटत होते म्हणून ऑसिओला आणि लॉरेन्स पुन्हा पुन्हा निघत होतं, उलट नाही.

आता सामने सुरू झालेत, तेव्हा ही पोरं शिकतील. मूळ लेखात ऑसिओलाचा परिच्छेद आज रात्री घालतो. नेस्मिथवरचं एक अक्षरही बदलणार नाही.