पंचवीस हजार फुटांवरून शेळ्या हाकता येत नाहीत

डीसीएस हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला बरेच दिवस हातोहात फिरतोय. थोडक्यात असा: "ग्राउंड अटॅकला प्लॅनिंग-बिनिंग लागत नाही. पुढच्या दोघांनी हार्म (रडारचा माग काढणारी क्षेपणास्त्रं) सोडायच्या, मागच्यांनी २५,००० फुटांवरून जीपीएस बॉम्ब टाकायचे. तिथवर खालून काही पोचत नाही. इंधन कमी पडलं तर टँकर आहेच. ब्रीफिंग पाच मिनिटांत उरकतं."

एकट्याने दोन शिल्का (विमानविरोधी तोफांच्या गाड्या) आणि चार ट्रक उडवायचे असतील तर हे चालतंही. आठ जणांच्या स्क्वाड्रनसमोर जरा बरं हवाई संरक्षण असेल, तर यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य गोत्यात आणतं. उदाहरणाला कॉकेशसचा नकाशा घेऊ. तो फुकट मिळतो, त्यामुळे सगळ्यांकडे असतो. कुतैसीहून उड्डाण, लक्ष्य सुखुमी विमानतळाजवळचा लष्करी गाड्यांचा ताफा, राखणीला एसए-६ या विमानविरोधी क्षेपणास्त्रांची एक बॅटरी, म्हणजे तुकडी. सरळ रेषेत अंतर ७० नॉटिकल मैलांच्या आसपास (पुढेही मैल म्हणजे नॉटिकल मैलच). आपली चार हॉर्नेट आणि चार एफ-१६ विमानं.

"तिथवर खालून काही पोचत नाही."

शिल्का, खांद्यावरून डागायची इग्ला आणि तुंगुस्का यांच्यापुरतं हे खरं आहे. इग्ला आणि तुंगुस्काची क्षेपणास्त्रं साडेतीन किलोमीटरच्या, म्हणजे साधारण ११,५०० फुटांच्या वर जात नाहीत. टॉर या क्षेपणास्त्र-गाडीची मर्यादाही २०,००० फुटांच्या आसपास संपते. पण एसए-११ म्हणजे बुकला २५,००० फूट म्हणजे अंगणच, आणि लांब पल्ल्याच्या एस-३०० बद्दल तर बोलायलाच नको. एसए-६ चा पल्ला २४-२५ किलोमीटर, म्हणजे १३ नॉटिकल मैल. २५,००० फुटांवरून जेडॅम, म्हणजे तोच जीपीएस बॉम्ब, सोडायला लक्ष्यापासून साधारण ७ मैलांवर जावं लागतं. म्हणजे बॉम्ब सोडायच्या आधी ६ मैल तुम्ही त्याच्या पल्ल्यात सरळ रेषेत, भार घेऊन, चालत्या बसमध्ये उभं असल्यासारखे असता.

यावर दुसरं टोक गाठणारेही आहेत: "मग समुद्रावरून खाली घुसायचं." त्यांनी एक गुणाकार करावा. रडारचं क्षितिज नॉटिकल मैलांत काढायचं तर फुटांमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १.२३. ५०० फुटांना ते २७ मैल येतं, २०० फुटांना १७. सपाट समुद्रावर २०० फुटांवरून जाणारं विमानसुद्धा एसए-६ च्या १३ मैलांच्या आत शिरण्याआधीच दिसू शकतं. लपायला डोंगरच लागतो, आणि सुखुमीला तो ईशान्येला कोदोरीच्या बाजूने आहे, समुद्राकडे नाही.

"हार्म सोडली की रडार संपलं."

आधी समोर काय आहे ते ठरवा. एसए-६ च्या बॅटरीत लाँचर साधारण चार, पण डोळा एकच. ते एक रडार फुटलं की चारही लाँचर आंधळे. बुकमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक लाँचरवर स्वतःचं रडार असतं. शोध घेणारं रडार मारून निर्धास्त झालेला माणूस पुढच्या मिनिटाला पॅराशूटवर असतो. हॉर्नेटच्या आरडब्ल्यूआरवर, म्हणजे शत्रूची रडारं दाखवणाऱ्या पडद्यावर, बुकचं शोध रडार 'एसडी' असं दिसतं आणि लाँचर '११' असा. 'एसडी' गेलं म्हणून '११' जात नाही. शेजारी टॉर असेल तर तो येणारी हार्म हवेतच पाडतो. मग दोन हार्मचा हिशेब चार-सहावर जातो, किंवा आधी टॉरचाच बंदोबस्त करावा लागतो.

आणखी एक गोष्ट. मिशनमध्ये स्कायनेटसारखी स्क्रिप्ट असेल तर हार्म येताना पाहून बॅटरी रडार बंद करते. स्क्रीनवरचं एसए-६ चं '६' गेलं की सगळे "मारलं, मारलं" ओरडतात. ते मेलेलं नसतं, झोपल्याचं सोंग घेतलेलं असतं. म्हणून सीड जोडीने, म्हणजे रडार दडपायला पुढे गेलेल्या दोन एफ-१६ नी, चारही हार्म एका दमात संपवायच्या नाहीत. पहिल्या दोन ठरल्या वेळेला, उरलेल्या दोन रडार पुन्हा चालू झालं तर.

ही ठरली वेळ कुठून येते? ४८० नॉट ग्राउंडस्पीड म्हणजे मिनिटाला ८ मैल, आणि सगळा हिशेब यावर बसतो. समजा, हार्म २१:४०:०० ला आदळायच्या आहेत. त्या क्षणी हॉर्नेट लक्ष्यापासून १६ मैलांवर हवीत, पल्ल्याच्या ३ मैल बाहेर. तिथून ७ मैलांच्या रिलीजपर्यंत ९ मैल, म्हणजे ६८ सेकंद. बॉम्ब सुटणार २१:४१:०८ ला आणि पाऊण-एक मिनिटात खाली. हॉर्नेट अर्धा मिनिट लवकर आली तर ४ मैल पुढे असतात, म्हणजे हार्म आदळण्याआधीच पल्ल्यात. उशीर झाला तर झोपलेलं रडार जागं होतं. १६ मैलांवर '६' अजून दिसत असेल तर काय, हेही आधीच ठरलेलं हवं: डावीकडे समुद्रावर वळायचं, पुन्हा रांगेत यायचं. त्या क्षणी रेडिओवर चर्चा सुरू झाली की ती संपेपर्यंत आठ मैल गेलेले असतात.

"जीपीएस बॉम्ब टाकला की झालं."

इथे सर्वांत जास्त बॉम्ब वाया जातात, आणि दोष बॉम्बचा नसतो. एफ-१६ ला अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं आणि मिनिटांचे सहस्रांश अशा रूपात लागतात. हॉर्नेटच्या प्री-प्लॅन्ड जेडॅमला अंश, मिनिटं, सेकंद आणि सेकंदांचे शतांश. एफ-१० दाबून उघडणाऱ्या नकाशावर डावा ऑल्ट आणि वाय दाबला की रूप बदलतं. कोणी कुठल्या रूपात वाचून दाखवतोय हे न सांगता आकडे सांगितले की घोळ ठरलेला. ४२ अंश ५१.५०० मिनिटं हा आकडा एखाद्याने ५१ मिनिटं ५० सेकंद म्हणून भरला, असं धरा. खरा आकडा ५१ मिनिटं ३० सेकंद. फरक २० सेकंदांचा, आणि अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जवळपास ३१ मीटर. बॉम्ब ६०० मीटर उत्तरेला, शेतात.

उंचीचंही तसंच. लक्ष्य १,५०० फुटांवर असताना रकाना शून्य ठेवला, तर बॉम्ब जमिनीखालच्या बिंदूकडे जात असतो आणि वाटेत जमीन लागते. ६० अंशांनी पडणारा बॉम्ब अशा वेळी २६० मीटर अलीकडे फुटतो. सुखुमीच्या किनारपट्टीवर ही चूक पचते, कोदोरीच्या खोऱ्यात नाही. शिवाय फूट की मीटर, तेही बघून भरा.

चार हॉर्नेट, प्रत्येकी चार जीबीयू-३८ जेडॅम, म्हणजे सोळा बॉम्ब आणि सोळा वेगळे बिंदू. "ताफ्यावर टाका" असं सांगितलं की चौघेही ठळक दिसणारा पहिला ट्रकच निवडतात. उत्तरेकडून मोजून पहिल्या चार गाड्या एक नंबरच्या, पुढच्या चार दोन नंबरच्या, असं वाटून द्या.

आणि ते बॉम्ब एकाच वेळी पडले पाहिजेत. डीसीएसमध्ये हल्ला झाला की पांगायचा पर्याय गाड्यांना असतो, मूळ सेटिंग ६०० सेकंदांचं. पहिला बॉम्ब पडला की ताफा विखुरतो, आणि दोन मिनिटांनी येणारे जेडॅम इमानेइतबारे रिकाम्या रस्त्यावर पडतात. पांगलेल्यांसाठी उरलेल्या दोन एफ-१६ वर लेझर बॉम्ब, जीबीयू-१२, ठेवायचे.

त्यांचे लेझर कोड वेगळे हवेत. सगळे मूळच्या १६८८ वर राहिले तर एकाचा बॉम्ब दुसऱ्याच्या ठिपक्यामागे जातो. कोडचा पहिला आकडा १, दुसरा ५ ते ७, तिसरा-चौथा १ ते ८. त्यामुळे १६९० कोड बसतच नाही, कितीही वेळा दाबा. १५११, १५१२ असे देत जावेत. एफ-१६ मध्ये बॉम्बचा कोड जमिनीवर असतानाच ठरतो आणि पॉडचा, म्हणजे लक्ष्य दाखवून त्यावर लेझर मारणाऱ्या उपकरणाचा, कोड कॉकपिटमधून वेगळा भरायचा. दोन्हीकडे एकच आहे ना, हे टॅक्सी करण्याआधी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचं. ढग १०,००० फुटांवर असतील तर मात्र वरून पॉडला खालचं दिसणार नाही, आणि ढगाखाली उतरलात की इग्लाच्या हद्दीत. हवामान मिशन फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ते न वाचता लेझर बॉम्ब लादण्यात अर्थ नाही.

"टँकर आहेच."

कुठला? हॉर्नेटला होज (टँकरची लोंबती नळी) लागतो, एफ-१६ ला बूम (कडक दांडी). साध्या केसी-१३५ मागे हॉर्नेट कितीही वेळ घोटाळलं तरी पोटात थेंब जाणार नाही. त्याला केसी-१३५ एमपीआरएस किंवा एस-३ हवं. मिश्र स्क्वाड्रनला दोन टँकर ठेवावे लागतात.

त्यापेक्षा बिंगो, म्हणजे परत फिरायचा इंधनाचा आकडा, काढून ठेवणं सोपं. हॉर्नेटच्या आत साधारण १०,८०० पौंड इंधन, शिवाय प्रत्येक बाहेरच्या टाकीत २,२०० च्या आसपास. परतीचे ७० मैल वरच्या उंचीवरून यायला १,५०० धरा, उतरताना हातात २,०००, आणि क्षेपणास्त्र चुकवायला खालच्या उंचीवर एक मिनिट पूर्ण आफ्टरबर्नर लागला तर आणखी हजार. झाले ४,५००. त्या आकड्याला वळायचं, उरलेला एक बॉम्ब कितीही खुणावत असला तरी.

"ब्रीफिंग पाच मिनिटांत उरकतं."

बोलणं पाच मिनिटांत उरकेलही, जर एक पान आधी तयार असेल: सहा-सात वेपॉइंट, घड्याळाच्या वेळा, लक्ष्यांची वाटणी, लेझर कोड, दोन फ्रिक्वेन्सी, बिंगो, अबॉर्टचा (हल्ला सोडून द्यायचा) शब्द. एसआरएसवर, म्हणजे खेळातल्या रेडिओवर, आठही जण एकाच फ्रिक्वेन्सीवर बसले की १६ मैलांचा कॉल कोणाच्या तरी "माझा पॉड कुठे बघतोय?" खाली दबून जातो. म्हणून सामाईक फ्रिक्वेन्सीवर फक्त लीडर बोलतात, बाकीचं आपापल्या फ्लाइटमध्ये.

एफ-१६ चं साधं आयएनएस अलाइनमेंट (दिशादर्शक यंत्रणा जुळवणं) आठ मिनिटं घेतं. टेकऑफ २१:१५ चा असेल तर कॉकपिटमध्ये २०:५५ ला बसायचं. जेवण त्याच्याआधी.