शफलबॉटम: ढुंगणाचा काही संबंध नाही

आमच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून येतो. शफलबॉटम, साइडबॉटम, रॅम्सबॉटम ही आडनावं म्हणे इंग्रज जमीनदारांनी कुळांना हिणवायला दिली. शफलबॉटम म्हणजे ढुंगण घासत चालणारा. आणि पुढे लाजेपायी लोकांनी ती टाकली, म्हणून आज फारशी सापडत नाहीत. खाली हसून लोळणारे आठ-दहा चेहरे.

आधी 'बॉटम' बघू. जुन्या इंग्रजीत 'बोटम' म्हणजे दरीचा तळ, टेकड्यांमधली ओढ्याकाठची सखल जमीन. उत्तर इंग्लंडातल्या लँकेशर, चेशर, यॉर्कशरचा मुलूखच तसला, त्यामुळे तिथल्या वाड्यावस्त्यांच्या नावांत हा शब्द जागोजागी भेटतो. रॅम्सबॉटम हे तर तिथल्या 'बरी' (Bury) या शहराजवळ अर्वेल नदीकाठचं नांदतं गाव आहे. त्यातला 'रॅम' मेंढा की रानलसूण, यावर अभ्यासक भांडतात, पण बॉटम दरीच, यावर वाद नाही. साइडबॉटममधला 'साइड' म्हणजे बाजू नव्हे. तो जुना 'सीड', म्हणजे रुंद. रुंद दरीतला माणूस. आपला दरेकर म्हणा ना! आणि शफलबॉटम आलं लँकेशरातल्या शिपरबॉटम नावाच्या जागेवरून. त्यात घासणं कुठेच नाही, मेंढ्या आहेत: 'शिप' म्हणजे शीप, मेंढी. तोंडातोंडी नाव झिजलं, कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, झालं शफल.

हिणवण्याची गोष्ट तर काळातच बसत नाही. इंग्लंडात आडनावं बापाकडून मुलाकडे जाऊ लागली ती मुख्यतः 13व्या-14व्या शतकात. बॉटमचा 'ढुंगण' हा अर्थ लिखाणात दिसतो 18व्या शतकाच्या अखेरीस. चारशे वर्षांनी जन्मणारी शिवी जमीनदार आधीच कशी देणार? हिणवणारी आडनावं तिकडे नव्हती असं नाही. क्रुकशँक म्हणजे सरळसरळ वाकड्या पायाचा. पण ही त्यांतली नव्हेत.

मग विरळ का? लोहार गावोगावी होते, म्हणून स्मिथ उदंड झाले. शिपरबॉटम एकच, तिथून बाहेर पडलेली घरंही मोजकीच. नाव मुळातच थोड्यांचं होतं.

लाजेचा मुद्दा मात्र पूर्ण खोडत नाही. काहींनी 'बॉटम'चं 'बोथम' केलं असेलही. पण बोलीत थ-कार असलेलं रूप जुनंच आहे, त्यामुळे प्रत्येक बोथम लाजून झालेला नाही. 1980 साली वानखेडेवर इंग्लंडच्या इयान बोथमने 114 धावा केल्या आणि त्याच कसोटीत 13 बळी घेतले, तेव्हा या नावाला हसायचं आपल्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. इंग्लंडचाच गोलंदाज रायन साइडबॉटम, त्याने तर स्पेलिंगही बदललं नाही. 2008 मध्ये न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला हॅटट्रिक घेतली ती याच नावाने. आणि मद्रासेत 1844 साली निघालेलं हिगिनबोथम्स हे पुस्तकांचं दुकान बघा. त्याच्या पाटीवरही तीच लँकेशरची दरी आहे.