रस्ता हवाच, पण शेजाऱ्याच्या बाजूने

शेताला रस्ता हवा, यावर गावात दुमत नसतं. तो कुठून जावा, यावरही नसतं : शेजाऱ्याच्या हद्दीतून. मग उरते ती फक्त तहसील कचेरी.

मला या भांडणात सगळ्यात गंमत वाटते ती हिशेबाची. सामाईक बांध 330 फूट लांब आणि रस्ता दहा फुटी धरला, तर दोघांनी पाच-पाच फूट सोडायचे. एकाची जागा जाते 1,650 चौरस फूट, म्हणजे 1,089च्या गुंठ्याने जेमतेम दीड गुंठा. त्यापायी वकिलाची फी, जाणं-येणं आणि चहापाणी यांत किती गुंठे जातात, ते कुणी मोजत नाही.

पहिली गल्लत अर्जाच्या पहिल्याच ओळीत होते. रस्ता मुळातच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966चं कलम 143. वहिवाटीचा रस्ता होता आणि शेजाऱ्याने त्यात काटे टाकले, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906चं कलम 5. तेही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आपला माणूस 'दिवाळीनंतर बोलू' म्हणत मुदत घालवतो आणि मग दोन्ही कलमं एकाच अर्जात कोंबतो. 'आजवर रस्ताच नव्हता' आणि 'होता तो अडवला' ही वाक्यं एकाच सहीखाली आली, की समोरच्या वकिलाला ती फक्त मोठ्याने वाचायची असतात.

143खाली रस्ता मिळतो तो बांधाबांधाने. वावराच्या मधून तिरपा मागितला, तर शेजाऱ्याचं अपील आपणच लिहून दिल्यासारखं होतं. दुसरीकडून पुरेसा रस्ता असेल, तर 'हा जवळ पडतो' एवढ्यावर भागत नाही.

अर्जाला जोडायचं काय? कच्चा नकाशा, असल्यास मोजणीचा नकाशा, आपला आणि ज्यांच्या बांधावरून जायचं त्या सगळ्यांचा चालू सातबारा, नावं-पत्त्यांसह. इथे 'सगळे' म्हणजे खरोखर सगळे. शहरात गेलेला चुलता आणि सासरी गेलेल्या चार आत्याही त्यात आल्या. एका आत्याला नोटीस पोचली नाही, की अपिलात प्रकरण फेरचौकशीला परत येऊ शकतं. आत्याबाईंना शेत कोणत्या दिशेला आहे तेही आठवत नसतं, पण म्हणणं मांडायची संधी मिळाली नाही, हे मात्र त्यांना वकील आठवून देतो.

खरा सोहळा स्थळ पाहणीचा. काल बोडका असलेल्या बांधावर आज शेवग्याची रोपं उभी असतात, आळी केलेली, पाणी घातलेली. शेजारी शेंदूर फासलेला एक दगडही प्रकटतो. पंचांना विचारलं, रस्ता आहे का? "तसा आहे, तसा नाहीबी." साहेब घाम पुसतात आणि पंचनाम्यात 'जाण्या-येण्यास अडचण होते' एवढं लिहून मंडळी मोकळी होतात. यायला हवं ते वेगळंच : गट क्रमांक, कोणता बांध, दिशा, लांबी, आताची रुंदी, वाटेतली झाडं, विहीर. हे आदेशात उतरलं नाही, तर रस्ता मिळूनही तो नेमका कुठे, यावर नवं भांडण सुरू होतं.

बैलगाडीच्या हिशेबाने आठ-दहा फूट पुरायचे, आता मळणीयंत्र आत जायला हवं. मे 2025च्या शासन निर्णयात रुंदी किमान तीन ते चार मीटर ठेवायची आणि रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यायची असं आहे. ही नोंद पाठीमागे लागून करून घ्या. नाहीतर शेजारी जमीन विकून मोकळा होतो आणि नवा मालक 'मला कुणी बोललंच नाही' म्हणत तारेचं कुंपण घालतो.

143च्या निर्णयावर प्रांताकडे 60 दिवसांत अपील करता येतं किंवा वर्षभरात दिवाणी दावा. दावा दाखल झाला की अपिलाची वाट बंद. एवढं सगळं होऊन रस्ता खुला झालाच, तर त्यावरून पहिला ट्रॅक्टर बहुतेक विरोध करणाऱ्याचाच जातो. त्याचाही ऊस त्याच वाटेने बाहेर पडायचा असतो.